शस्त्र परवाना रद्द झाल्यानंतरचे अपील : कोठे करावे, कशाच्या बळावर करावे

प्रश्नकर्त्यांनी दिलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. त्यांच्याकडे गेली अकरा वर्षे स्वसंरक्षणासाठी ०.३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना होता. शेतजमिनीच्या वाटपावरून चुलतभावांशी वाद झाला आणि त्यातून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२), ३५१ व ३५२ खाली, म्हणजे दुखापत, धमकी आणि शिवीगाळ यांबद्दल गुन्हा नोंदवला गेला. खटला अद्याप चालू आहे. दरम्यान जिल्हादंडाधिकाऱ्यांनी कारणे दाखवा नोटीस काढली, तिला प्रश्नकर्त्यांनी ‘आरोप खोटे आहेत’ अशा आशयाचे छोटेसे उत्तर दिले आणि त्यानंतर परवाना रद्द झाला. आदेश हाती येऊन तीन आठवडे होत आले आहेत. या आदेशाविरुद्ध न्यायालयात अपील कसे करावे, आणि फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटेपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरेल का, असे त्यांनी विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथे घड्याळ चालू आहे. थांबू नका. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे आणि ती आदेश निघाल्यापासून मोजली जाते. आपण ‘हाती येऊन तीन आठवडे’ म्हणता. आदेशावरील दिनांक त्याच्याही आधीचा असणार, म्हणून आज प्रथम तो दिनांक पाहा. मुदत संपली असेल तर सारे संपले असे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १८(२) मध्ये पुरेसे कारण दाखवल्यास उशिराचे अपीलही दाखल करून घेण्याची तरतूद आहे, आणि मुदत मोजताना मुदत कायद्याचे नियम लागू होत असल्यामुळे आदेशाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेला काळही वजा मागता येतो. मात्र ‘खटल्याच्या निकालाची वाट पाहत होतो’ हे कारण विलंब माफीच्या अर्जात फारसे टिकत नाही. आदेश ज्या लिफाफ्यातून आला तो लिफाफा, किंवा पोलीस शिपायाने आणून दिला असल्यास त्यावर आपण सही करून घातलेली तारीख, हे जपून ठेवा. बजावणी उशिरा झाली हे दाखवण्याचा तोच सर्वांत सरळ पुरावा असतो.

आता पहिला प्रश्न. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्धचे अपील न्यायालयात जात नाही, ते विभागीय आयुक्तांकडे जाते. आपण मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असता तर परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असते आणि अपील राज्य शासनाच्या गृह विभागाकडे करावे लागले असते. शासनाने स्वतः किंवा शासनाच्या निदेशावरून निघालेल्या आदेशाविरुद्ध कलम १८ खाली अपीलच नाही. तेथे थेट उच्च न्यायालयाचा रस्ता उरतो. दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा लावण्याचा सल्ला काही जणांना मिळतो, पण अधिनियमाने स्वतःचा अपिलाचा मार्ग आखून दिलेला असताना तो दावा बहुधा अधिकारितेच्या पहिल्याच हरकतीत अडकतो आणि त्या गडबडीत खरी मुदत निघून जाते.

मार्ग समजला म्हणजे प्रकरण समजले असे मात्र नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक परवानाधारकांचा भर ‘मी निर्दोष आहे’ यावर असतो. ती भावना मी समजू शकतो, परंतु आपण निर्दोष आहात किंवा नाही हा प्रश्न फौजदारी न्यायालयापुढे आहे. विभागीय आयुक्त त्याचा निवाडा करणार नाहीत आणि करूही शकत नाहीत. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच असतो की परवाना प्राधिकाऱ्यासमोर जी सामग्री होती तिच्यावरून कलम १७(३) मधील एखादे कारण उभे राहते का, आणि ते ठरवताना आपल्याला म्हणणे मांडण्याची खरी संधी दिली होती का. या दोन मुद्द्यांच्या बाहेरचे प्रत्येक पान अपिलाचे वजन वाढवते, बळ वाढवत नाही.

म्हणून कलम १७(३) डोळ्यांपुढे ठेवून वाचले पाहिजे. परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो तो ठरावीक कारणांसाठीच : परवानाधारकाला अधिनियमाने किंवा अन्य कायद्याने शस्त्र बाळगण्यास मनाई झाली असेल, तो मनोविकल असेल किंवा अन्य कोणत्याही कारणाने परवान्यास अयोग्य असेल, सार्वजनिक शांततेच्या किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने तसे करणे प्राधिकाऱ्याला आवश्यक वाटत असेल, परवाना महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेला असेल, परवान्याच्या अटीचा भंग झाला असेल, किंवा अटी बदलण्यासाठी परवाना सादर करण्याची नोटीस पाळली नसेल. ‘अन्य कोणत्याही कारणाने अयोग्य’ आणि ‘सार्वजनिक शांतता’ ही दोन कारणे ऐसपैस आहेत, आणि जिल्ह्यांतून निघणारे बहुसंख्य आदेश त्यांच्याच आधाराने निघतात. परंतु ऐसपैस असली तरी ती निराधार वापरता येत नाहीत. कलम १७(५) प्रमाणे कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागणी केल्यास त्यांचा संक्षिप्त गोषवारा परवानाधारकाला द्यावा लागतो. तो देणे लोकहिताचे नाही असे प्राधिकाऱ्याचे मत असेल तरच नकार देता येतो. आपण ती मागणी केलेली दिसत नाही. आजच एका ओळीचा अर्ज देऊन आवक शाखेची पोच घ्या, कारण असा गोषवारा दिला गेला असेल तर तो अपिलासोबत जोडावा लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण परदेशी चर्चा वाचून काही जणांची गल्लत होते. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. ती कायद्याने दिलेली सवलत आहे. त्यामुळे ‘माझा हक्क हिरावला’ या सुरात लिहिलेले अपील सुरुवातीलाच जमीन सोडून चालते. पण एकदा रीतसर दिलेली सवलत काढून घेताना कायद्यात सांगितलेले कारण आणि न्याय्य कार्यपद्धती या दोन्ही गोष्टी लागतात, आणि आपले सारे प्रकरण याच दुसऱ्या विधानावर उभे करायचे आहे.

आदेश कसा वाचावा हे थोडे सविस्तर सांगतो, कारण अपिलाची निम्मी सामग्री तेथेच असते. आपल्याकडच्या कार्यालयीन आदेशांच्या माथ्यावर ‘वाचा’ म्हणून एक यादी असते : पोलीस अधीक्षकांचा अमुक क्रमांकाचा अहवाल, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांचे पत्र, कारणे दाखवा नोटीस, परवानाधारकाचा खुलासा. ही यादी आपल्याजवळच्या कागदांशी ताडून पाहा. यादीतला जो अहवाल आपल्याला कधी दिलाच गेला नाही आणि ज्याच्यावर निष्कर्ष बेतला आहे, तो अपिलातील पहिला मुद्दा. त्यानंतर नोटिशीतील आरोप आणि आदेशातील कारण समोरासमोर ठेवा. नोटिशीत फक्त दाखल गुन्ह्याचा उल्लेख असतो आणि आदेशात मात्र ‘परवानाधारकास शस्त्राची आवश्यकता राहिलेली नाही’ किंवा ‘गैरवापर होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ अशी वाक्ये अचानक उगवतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. ज्या आरोपाला उत्तर देण्याची संधीच मिळाली नाही त्याच्यावर आदेश टिकवता येत नाही, हा नैसर्गिक न्यायाचा अगदी प्राथमिक नियम आहे. शिवाय आवश्यकता उरली नाही हे कारण कलम १७(३) च्या यादीत मुळी दिसतच नाही. परवाना देताना किंवा नूतनीकरण करताना त्या मुद्द्याचा विचार होतो. चालू परवाना त्या एकाच कारणासाठी काढून घेतला असेल तर तसे स्वतंत्र परिच्छेदात लिहा.

त्यापुढे येतो आदेशाचा शेवटचा, निष्कर्षाचा परिच्छेद. ‘पोलीस अहवालाचे अवलोकन केले असता सदर परवाना रद्द करणे उचित वाटते’ एवढ्यावर जर तो संपत असेल, तर आपले उत्तर का नाकारले आणि सार्वजनिक शांततेला धोका नेमका कशाने आहे, हे त्यात कोठेच नाही. असा आदेश सकारण म्हणता येत नाही. मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले तत्त्व येथे फार उपयोगी पडते : वैधानिक प्राधिकाऱ्याच्या आदेशाची वैधता त्यात नमूद केलेल्या कारणांवरूनच तपासली जाते, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडून तो सावरता येत नाही. मात्र या तत्त्वाचा खरा जोर उच्च न्यायालयात दिसतो. विभागीय आयुक्त मूळ संचिका मागवतात आणि संपूर्ण प्रकरण पाहतात, त्यामुळे आदेश कोरडा असला तरी संचिकेत भरीव सामग्री असल्यास त्यांच्यापुढे केवळ या एका मुद्द्यावर विसंबून राहू नये.

आता आपल्या गुन्ह्याकडे वळतो. येथे परिस्थितीनुसार उत्तर बदलते, आणि आपण एक महत्त्वाचा तपशील दिलेला नाही : फिर्यादीत रिव्हॉल्व्हरचा उल्लेख आहे का? ते दाखवून धमकावल्याचा आरोप असेल, शस्त्र पंचनाम्याने जप्त होऊन मुद्देमालात जमा असेल, तर आपले प्रकरण कठीण आहे आणि तसे आधीच मान्य करून चालावे. परवानाधारक शस्त्राचा धाक दाखवतो असा प्रथमदर्शनी आरोप असताना ते त्याच्या हाती राहू देणे कोणताही प्राधिकारी टाळेल, आणि अपिलातही खटल्याच्या निकालाआधी दिलासा मिळण्याची शक्यता कमी राहील. उलट फिर्यादीत शस्त्राचे नावही नसेल, बांधावरची झटापट आणि तोंडी शिवीगाळ एवढेच असेल, तर चित्र पालटते. केवळ गुन्हा प्रलंबित आहे म्हणून परवाना रद्द करता येत नाही, त्या गुन्ह्याचा आणि सार्वजनिक शांततेचा किंवा परवानाधारकाच्या अयोग्यतेचा संबंध प्राधिकाऱ्याने दाखवला पाहिजे, अशी भूमिका उच्च न्यायालयांनी निरनिराळ्या निकालांत घेतली आहे. दोन कुटुंबांतील वाटपाचा वाद हा मुळात खासगी वाद आहे. त्याने गावाची शांतता धोक्यात आली असे म्हणायचे असेल तर त्याला काही आधार हवा. आपल्या फिर्यादीची आणि दोषारोपपत्राची प्रत काढून हाच फरक अपिलात दाखवा, कारण पोलीस अहवालात पुष्कळदा कलमे तेवढी लिहिलेली असतात, घटना लिहिलेली नसते.

काही परिस्थितींत वादाला जागाच नसते. हिंसा किंवा नैतिक अधःपतन अंतर्भूत असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरून कारावासाची शिक्षा झाली असेल तर शिक्षा संपल्यानंतरची पाच वर्षे कलम ९ ची मनाई लागू राहते. शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून देण्याचा आदेश झाला असेल तर त्या बंधपत्राच्या मुदतीपुरती मनाई असते. जमिनीच्या वादांत पोलीस दोन्ही बाजूंवर प्रतिबंधक कारवाई करतात. ती पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली होई, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली होते. अशी नोटीस निघणे आणि बंधपत्राचा आदेश होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस अहवालात ‘प्रतिबंधक कारवाई केली आहे’ असे मोघम वाक्य असेल तर त्या कारवाईचे पुढे काय झाले, याची नक्कल तहसील कार्यालयातून किंवा संबंधित कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून अवश्य काढा. ती नोटीस काही महिन्यांनी दप्तरी दाखल झालेली असते आणि परवाना शाखेला त्याचा पत्ता नसतो, हे विरळ नाही.

आपण कारणे दाखवा नोटिशीला दिलेल्या त्रोटक उत्तराबद्दल आता हळहळ करण्यात अर्थ नाही, पण त्याचा परिणाम ध्यानात घ्या. जे त्या वेळी सांगितले नाही ते अपिलात प्रथमच सांगताना ‘हे आधी का सांगितले नाही’ असा प्रश्न येतो. त्यावर सरळ उत्तर असे, की पोलीस अहवालाची प्रत सोबत नसल्यामुळे कशाला उत्तर द्यायचे हेच कळले नव्हते. ते खरे असेल तरच लिहा. अहवाल मिळालेला असूनही आपण उत्तर दिले नसेल तर नैसर्गिक न्यायाचा मुद्दा ताणू नका. त्यापेक्षा अकरा वर्षांचा निर्वेध परवाना, वेळेवर झालेली नूतनीकरणे, अटीभंगाची एकही नोंद नसणे आणि शस्त्राचा त्या घटनेशी संबंध नसणे, या वस्तुस्थितीवर भर द्या. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हाती आज फक्त नोटीस आहे त्यांना माझे सांगणे वेगळे आहे : अपिलापेक्षा नोटिशीचे उत्तर अधिक मोलाचे असते. आधी लेखी अर्जाने अहवालाची प्रत आणि व्यक्तिशः सुनावणी मागा, मग मुद्देसूद उत्तर द्या, आणि दोन्हींची पोच घ्या.

अपील लेखी अर्जाच्या स्वरूपात, विहित शुल्कासह आणि आदेशाच्या प्रमाणित प्रतीसह करायचे असते. अपिलाचे मुद्दे सात-आठ पुरे होतात. आरंभी तारखांचा तक्ता द्या : परवाना केव्हा दिला, नूतनीकरण कधी कधी झाले, गुन्हा कधीचा, नोटीस कधीची, उत्तर कधीचे, आदेश कधीचा. हा तक्ता वाचूनच पुष्कळदा अपील प्राधिकाऱ्याचे मत आकार घेते. गुन्ह्यानंतर वर्षभराने नोटीस निघाली असेल आणि त्या वर्षात शस्त्र आपल्याजवळच राहून काहीही घडले नसेल, तर ‘तातडीचा धोका’ हे कारण आपोआप पातळ होते. त्यावर वेगळे भाष्य करण्याचीही गरज पडत नाही. स्वसंरक्षणाची गरज अजून आहे हे दाखवायचे असेल तर कागद जोडा : आपण पूर्वी दिलेल्या तक्रारी, व्यवसायात रोकड न्यावी लागत असल्यास बँकेची कागदपत्रे, वस्तीपासून दूरचे घर असल्यास तसा दाखला. गावातील प्रतिष्ठितांची वर्तणुकीची प्रमाणपत्रे जोडण्याची एक प्रथा पडून गेली आहे. त्यांचा मला कधी फारसा उपयोग झालेला आठवत नाही.

अपील दाखल झाल्याने आदेश थांबत नाही. कलम १८(६) प्रमाणे अपील प्राधिकारी वेगळा निदेश देईपर्यंत मूळ आदेश अमलात राहतो, म्हणून स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. अंतरिम स्थगिती देऊन शस्त्र परत दिले जाणे दुर्मीळ आहे, आणि त्याची आशा दाखवणाऱ्याकडे थोडे सावधपणे पाहावे. मी सहसा मर्यादित स्थगिती मागतो : अपिलाचा निकाल लागेपर्यंत जमा शस्त्राची विल्हेवाट लावू नये किंवा ते शासनजमा करू नये. ही मागणी वाजवी असते आणि मान्य होण्याची शक्यताही अधिक असते.

शस्त्राचा मुद्दा स्वतंत्रपणे महत्त्वाचा आहे. परवाना रद्द झाल्याच्या क्षणापासून ते जवळ बाळगणे बेकायदेशीर होते आणि कलम २५ खाली नवा गुन्हा घडतो, ज्यात कारावासाची शिक्षा आहे. अपील करणार आहोत म्हणून शस्त्र घरी ठेवले, ही सबब चालत नाही. आणि असा गुन्हा एकदा नोंदला गेला की अपिलातील सर्व मुद्दे निष्फळ ठरतात. परवाना पुस्तिका कलम १७(१०) प्रमाणे परत करावी लागते आणि शस्त्र व काडतुसे कलम २१ प्रमाणे नजीकच्या पोलीस ठाण्यात, किंवा विहित अटींवर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे, विनाविलंब जमा करावी लागतात. शक्य असेल तर विक्रेत्याचा पर्याय निवडा. तो भाडे घेतो, पण पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पावसाळ्याच्या दमट हवेत पडून राहिलेल्या रिव्हॉल्व्हरची नळी आणि चक्र गंजून गेलेले मी पाहिले आहे. अपील जिंकून हाती आले ते केवळ लोखंड. कोठेही जमा केले तरी पावतीवर शस्त्र कोणत्या कंपनीचे, बोअर, शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. जमा शस्त्र विहित मुदतीत परत घेतले नाही किंवा पात्र व्यक्तीला विकले नाही तर जिल्हादंडाधिकारी ते शासनजमा करू शकतात, मात्र त्याआधी नोटीस देऊन कारण दाखवण्यास तीस दिवस द्यावे लागतात. ती नोटीस आली तर ‘अपील प्रलंबित आहे’ एवढे तरी लेखी उत्तर मुदतीत गेलेच पाहिजे. परवाना केवळ निलंबित असेल तर निलंबनाच्या काळासाठी शस्त्र शासनजमा करता येत नाही.

ओघात सांगतो, निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा जो आदेश निघतो तो परवाना रद्द करणे नव्हे. त्यासाठी छाननी समिती असते, आणि निवडणूक प्रक्रिया आटोपल्यावर शस्त्र परत मिळते. त्याविरुद्ध कलम १८ चे अपील करण्याच्या फंदात पडू नये.

विभागीय आयुक्तांपुढील सुनावणी साधारणपणे छोटी असते. आपले म्हणणे ऐकल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही ही कलम १८(५) ची सक्ती आहे, पण ऐकून घेणे म्हणजे साक्षीपुरावा नव्हे. लेखी युक्तिवाद तयार ठेवा आणि सुनावणीच्या दिवशीच दाखल करा. निकाल तीन प्रकारचे होतात : अपील फेटाळले जाते, मंजूर होऊन परवाना पूर्ववत होतो, किंवा आदेश रद्द होऊन प्रकरण फेरविचारासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे परत जाते. कार्यपद्धतीतील त्रुटीवर अपील मंजूर झाले तर तिसरा प्रकार सर्वाधिक संभवतो. म्हणून अपिलाच्या शेवटी मागण्या लिहितानाच, प्रकरण परत पाठवल्यास फेरनिर्णय ठरावीक मुदतीत व्हावा आणि तोवर परवान्याची व शस्त्राची स्थिती काय राहील हे आदेशात नमूद व्हावे, अशी पर्यायी मागणी करा. ती नसेल तर फेरविचाराचे प्रकरण कोणाच्या टेबलावर किती काळ पडून राहील याला धरबंध नाही.

कलम १८(७) प्रमाणे अपील प्राधिकाऱ्याचा आदेश अंतिम असतो, आणि न्यायालयाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ व २२७ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते; आपल्या जिल्ह्यानुसार ती मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूर येथे जाईल. अपील न करता थेट याचिका केली तर पर्यायी उपाय उपलब्ध असल्याची हरकत येते. व्हर्लपूल कॉर्पोरेशन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निकालाने या नियमाचे अपवाद सांगितले आहेत : नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारिताच नसणे, मूलभूत हक्काची अंमलबजावणी, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. नोटीस न देताच परवाना रद्द झाला असता तर मी कदाचित थेट याचिकेचा विचार केला असता. आपल्याला नोटीस मिळाली होती आणि आपण उत्तरही दिले होते, तेव्हा तो मार्ग आपल्यासाठी नाही.

उच्च न्यायालय दुसरे अपील ऐकत नाही. आपण परवान्याला पात्र आहात का, हे न्यायाधीश स्वतः ठरवत नाहीत. निर्णय घेण्याची रीत कायदेशीर होती का, संबद्ध गोष्टी वगळल्या किंवा असंबद्ध गोष्टी धरल्या गेल्या का, कारणे दिली का, एवढेच पाहतात. म्हणून वस्तुस्थितीचा प्रत्येक कागद विभागीय आयुक्तांपुढेच आलेला असला पाहिजे. दोषारोपपत्र, प्रतिबंधक कारवाईची नक्कल, जमीन वादातील दिवाणी दाव्याची कागदपत्रे, यांपैकी जे तेथे दाखल झाले नाही ते उच्च न्यायालयात प्रथमच पुढे करणे फार अवघड जाते.

आपल्या ‘निर्दोष सुटेपर्यंत थांबावे का’ या विचारात तथ्याचा एक अंश आहे, तोही सांगतो. अपील प्रलंबित असताना खटल्यात सुटका झाली, किंवा चुलतभावांशी तडजोड होऊन उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला, तर तो आदेश अतिरिक्त कागदपत्र म्हणून लगेच दाखल करा. आपल्यासारख्या प्रकरणात याने पारडे खरोखर झुकते. सुटका साक्षीदार फितूर झाल्यामुळे किंवा संशयाचा फायदा देऊन झाली असेल तर प्राधिकारी तिला कमी वजन देऊ शकतात, म्हणून निकालपत्रातील नेमके परिच्छेद दाखवावेत. अपील फेटाळले गेल्यानंतर सुटका झाली तर नव्या परवान्यासाठी अर्ज करण्यास कायद्याची आडकाठी नाही, पण त्या अर्जात पूर्वीचा परवाना रद्द झाल्याची माहिती द्यावीच लागते. ती दडवली तर नवा परवानाही त्याच कारणाने जाईल. नव्या अर्जात गरजेपासून सर्व काही पुन्हा सिद्ध करावे लागते आणि पोलीस अहवालही नव्याने मागवला जातो, त्यामुळे जुना परवाना अपिलात वाचवणे केव्हाही सोपे.

आणखी एक बाब आपल्या परवाना पुस्तिकेच्या छायाप्रतीवर पाहून घ्या : मुदत कधी संपते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे, तथापि अपील चालू असताना ती संपू शकते. तसे झाले तर अपील मंजूर होऊनही शस्त्र लगेच हाती येणार नाही, कारण संपलेल्या मुदतीचा परवाना पूर्ववत होऊन काही साधत नाही. म्हणून मुदत जवळ आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज अपिलाचा संदर्भ देऊन वेळेत द्या, परवाना शाखेने तो घेण्यास नकार दिल्यास स्पीड पोस्टाने पाठवा, आणि त्याची पोच अपिलाच्या संचिकेत लावून ठेवा.